शाळेच्या नाट्यविभागाचं एक वर्ष आणि जिन्याखालची पेटी

तिसरी_घंटा (धागाकर्ती), 2 मे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. गेल्या जूनमध्ये स्टाफ मीटिंगला पोचायला पंधरा मिनिटं उशीर झाला (टीएमटीची बस, दुसरं काय) आणि तोवर सगळ्या समित्या वाटून झाल्या होत्या. नाट्यविभाग बघणारे सर मेमध्ये रिटायर झाले होते आणि ती जागा कोणी घेतली नव्हती, म्हणजे ती माझी. मी म्हटलं अहो मी आयुष्यात एकदाच स्टेजवर गेलेय, तिसरीत, झाड म्हणून. हेडमास्तर म्हणाले अनुभव आहे म्हणजे.

तर विभाग म्हणजे काय, तर जिन्याखाली एक पत्र्याची पेटी. पेटीत अकरा तलवारी (मुठी फक्त सात जणींना), उंदरांनी चाखलेला एक मुकुट, गमने दगड झालेल्या दाढ्यामिश्या, एक काळा डब्बा फोन तबकडीवाला आणि सरांची वही. वही वाचून हसू आलं आणि मग जरा घाबरायला झालं. "दुसऱ्या प्रवेशाआधी पंखा बंद करणे, दाढी उडते." "सातवी ब ला पेढे संपल्याशिवाय ग्रीनरूममध्ये सोडू नये." असली सव्वीस वर्षं त्यात होती.

ऑगस्टमध्ये निवड ठेवली. मला वाटलं वीसेक पोरं येतील, आली त्रेसष्ट. नाटकात पात्रं आठ. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तरी तीन तास नऊ मिनिटं, आणि हॉल मिळालेला दीड तास. शेवटी दोन दिवस घेतले आणि सगळ्यांना नाट्यछटा दिल्या. हा प्रकार दिवाकरांचा म्हणजे शंकर काशीनाथ गर्ग्यांचा, एकच माणूस बोलतो आणि समोरचा काय म्हणतोय ते त्याच्याच बोलण्यातून कळतं. सेट नको, जोडीदार नको. आणि पोरगं ऐकून घेतं की नुसतं पाठ म्हणतं हे दुसऱ्याच वाक्याला समजतं, कारण समोर नसलेल्याचं बोलणं ऐकायला जे थांबत नाहीत ते असलेल्याचंही ऐकत नाहीत.

तालमी पत्र्याच्या हॉलमध्ये. वर पाऊस. पहिले पंधरा दिवस कोण काय बोलतंय काही कळेना, मी वैतागून सुट्टी देणार होते, पण पोरं हळूहळू आपोआप पोटातून बोलायला लागली. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस थांबला तर सगळे इतक्या मोठ्याने बोलत होते की बाजूच्या वर्गातल्या बाई येऊन भांडून गेल्या.

पुढचं लिहिते. पेपर तपासायचे राहिलेत.

विंगेतला, 2 मे

मस्त! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक प्रश्न, नाटक कोणाचं होतं आणि लेखकाची परवानगी घेतली होती का? राज्य बालनाट्य स्पर्धेला लेखकाचं परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) प्रमाणपत्र दोन्ही लागतं, नसेल तर फॉर्मच पुढे सरकत नाही. शाळा इथेच अडकतात, डिसेंबरात धावाधाव.

घोडबंदरची_गर्दी, 2 मे

शाळेच्या गॅदरिंगला कोण परवानगी विचारतं हो. आमच्या वेळी पुस्तकपेटीतून पुस्तक काढायचे, झेरॉक्स आणि नाटक सुरू.

विंगेतला, 3 मे

गॅदरिंगला नाही घेतली तरी चालतं, पण कोणी विचारत नाही म्हणून नव्हे. कॉपीराइट कायद्यात (1957 चा) कलम 52 मध्ये सूट आहे, शाळेतल्याच विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात प्रयोग केला आणि प्रेक्षक फक्त शाळेतले आणि पालक असतील तर तो भंग धरत नाहीत. तेच नाटक घेऊन तुम्ही बाहेर स्पर्धेला गेलात, बाहेरचा प्रेक्षक आला, की सूट संपली. लेखक जाऊन साठ वर्षं झाली असतील तर मग प्रश्नच नाही.

आणि कायदा बाजूला ठेवा, बालनाट्य लिहिणाऱ्याला आधीच काय मिळतं? एक फोन तरी करावा माणसाने.

तिसरी_घंटा, 3 मे

@विंगेतला, सरांनी कधीच घेतली नव्हती. मी केला फोन. लेखक आजोबा ऐंशीच्या पुढचे, आधी त्यांना वाटलं क्रेडिट कार्डवाले आहेत. मग पाऊण तास बोलले. पत्र पाठवलं पोस्टाने, मानधन विचारलं तर म्हणाले फोटो पाठवा. तरी हेडमास्तरांकडून पाचशे एक काढून मनीऑर्डर केली, विभागाचं वर्षाचं बजेट सहा हजार आहे त्यातून.

आता ऑक्टोबर. राजाचं काम करणारा नववीतला मुलगा, उंच, खणखणीत आवाज, सगळं नाटक त्याच्यावर उभं. सहामाहीत गणितात (माझ्याच विषयात!) मार्क कमी पडले आणि आईने काढून घेतलं. दिवाळीनंतर क्लासची वेळ संध्याकाळी पाच, तालीम पण पाचला. प्रयोगाला सात आठवडे.

आमची प्रॉम्प्टर म्हणजे आठवीतली एक मुलगी, निवडीला आली तेव्हाच म्हणाली होती मला काम नको, वही धरायचं द्या. तिला सगळ्यांची वाक्यं पाठ, शिवाय कोण कुठे अडतो त्याच्या पेन्सिलीने खुणा. मी म्हटलं चला सुटलो, ही राजा. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, मी तिकडे गेले तर इकडे कोण?"

मला उत्तर आलं नाही. खरंच इकडे कोणी नव्हतं.

मग पोरांनीच मार्ग काढला. पाचवीतलं सगळ्यात बुटकं पोरगं राजा केलं आणि राजा मौनव्रतात आहे असं ठरवलं. त्याची वाक्यं दोन प्रधानांना वाटली, राजा नुसता हातवारे करतो आणि दोघे प्रधान त्याचा अर्थ आपापल्या सोयीने सांगतात. पूर्ण नाटकात सगळ्यात मोठे हशे तिथे आले. आजोबांना परत फोन, मूळ संहिता बदलतोय म्हणून. हसले खूप.

दहावीची_आई, 3 मे

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. त्या आईची बाजू कोणीच मांडत नाहीये. माझ्या मुलाच्या शाळेत नाटकाच्या तालमी आठ आठ आठवडे, रोज दोन तास, आणि शेवटी त्याला काम काय तर भालदार, दोन वाक्यं. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ग्रेड मिळाली तर दहावीला मार्क तरी मिळतात. शाळेतल्या गॅदरिंगच्या नाटकाला काय मिळतं? क्लासची फी भरतो ना आपण. सगळ्यांना सगळं परवडत नाही.

कळव्याचा_काका, 4 मे

ताई, भालदाराला दोन तास बसवून ठेवणं ही दिग्दर्शकाची चूक आहे, नाटकाची नाही. वेळापत्रक करून बोलवायचं असतं, आज पहिला प्रवेश, आज दुसरा. मी हौशी नाटकांचे लाइट करतो, गडकरी रंगायतन नाट्यगृह उघडलं 1978 ला तेव्हा मी सहावीत होतो आणि आतलं बघायला मिळावं म्हणून मासुंदा तलावाच्या बाजूने मागच्या दाराशी उभा राहायचो. नट व्हायचं नव्हतं मला, डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारं यंत्र, कसा चालतो ते बघायचं होतं. हे पोरांना कोणी विचारत नाही की बाबा तुला नक्की काय करायचंय. सगळ्यांना धरून मेकअप फासतात.

अवांतर: मेकअपवरून आठवलं, शाळांनो कृपा करून तो पांढराफटक पॅनकेक बंद करा. तो जुन्या पिवळ्या हॅलोजनसाठी ठीक होता. आता सगळीकडे एलईडीचे पार दिवे, त्यात पोरं भुतासारखी दिसतात.

तिसरी_घंटा, 4 मे

@दहावीची_आई, राग कसला. तुमचं वेळेचं म्हणणं बरोबरच आहे. मीसुद्धा पहिले दोन महिने सगळ्यांना रोज बसवलं, मला वाटायचं तालीम म्हणजे हजेरी. काका म्हणतात तसं वेळापत्रक नोव्हेंबरात केलं, वर्गाच्या टाइमटेबलसारखं, आणि एकेका मुलाचे आठवड्याचे दहा तास होते त्याचे चारावर आले.

आणि तो नववीतला. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आई स्वतः आली त्याला घेऊन. म्हणाली पाठांतर नको, पण पडदा ओढायला चालेल का. चालेल म्हटलं. आमचा पडदा अडकतो, मध्यावर एक कडी वाकडी आहे, तिथे झटका द्यावा लागतो. त्याने दुपारी स्टूल लावून ती कडीच बदलली.

नेरुळकर, 4 मे

आमच्याकडे (नवी मुंबई, इंग्रजी माध्यम, नाव नको) उलटं आहे. ड्रामा टीचर आहे, टाइमटेबलमध्ये पिरियड आहे, अॅन्युअल डेला वाशीचं भावे नाट्यगृह बुक होतं, स्क्रीन, स्मोक, सगळं. आणि संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करतात. पोरं स्टेजवर ओठ हलवतात. माझी मुलगी परी होती, तिचा आवाज दुसऱ्याच मुलीचा, कारण तिचे उच्चार "क्लिअर". मी विचारलं तर म्हणाले सर एवढे पालक असतात, रिस्क नको. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला सीता स्वयंवर केलं तेव्हा सगळं नाटक सूत्रधाराच्या गाण्यावर चालायचं आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची म्हणतात. त्यांच्या नावाच्या थिएटरात आपली पोरं ओठ हलवतायत.

तुमचा पत्र्याचा हॉल द्या आम्हाला, स्मोक मशीन घेऊन जा.

माजी_भालदार, 4 मे

@नेरुळकर हाहाहा, आमच्या सोसायटीतल्या शाळेत पण सेम. एकदा ट्रॅक मध्येच अडकला आणि शिवाजी महाराज चार मिनिटं तलवार वर धरून उभे.

तिसरी_घंटा, 5 मे

आता सेटची गोष्ट, लाज वाटते पण सांगते.

दरबाराची भिंत एकसंध हवी होती मला, फ्लॅटच्या (सेटच्या सुट्या चौकटींच्या) जोडात फट दिसते म्हणून. वाडा पाडला होता जवळच, तिथून लाकडी पट्ट्या आणल्या, जांभळी नाक्यावरून मांजरपाट, खळ करून चढवला, पोरांनी रंगवला. आठ फूट उंच, नऊ फूट रुंद. देखणा झाला. पहिल्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गात केला, आणि गॅदरिंगच्या आदल्या दिवशी खाली न्यायला गेलो.

दार सात बाय साडेतीन. उभा जाईना, आडवा जाईना. एक मुलगा म्हणाला मॅडम तिरका करू. मी म्हटलं थांब, फळ्यावर काढू. सात वर्ग एकोणपन्नास, साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, वर्गमूळ काढलं तर कर्ण 7.83 फूट. आणि माझ्या दरबाराची लहान बाजू आठ. दोन इंचांनी अडला! नववीला पायथागोरस मी शिकवते. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि कोणी हसत नव्हतं, ते जास्त वाईट.

शिपाईमामांनी करवत आणली. मधून उभा कापला, मागून तीन बिजागऱ्या, आणि दरबार पुस्तकासारखा मिटायला लागला. फट दिसलीच. पण नंतर टेम्पोत तो मिटूनच मावला, नाहीतर स्पर्धेला नेताच आला नसता.

गॅदरिंगचं फार सांगण्यासारखं नाही. बेचाळीस आयटम, नाटक शेवटी. बक्षीस समारंभ लांबला, पाहुण्यांचं भाषण लांबलं, आमचा पडदा नऊ एक्केचाळीसला उघडला. नाटक पस्तीस मिनिटांचं, आणि उघड्या मैदानात दहाला माइक बंद करावाच लागतो. विंगेतून प्रॉम्प्टर बाईंनी निर्णय घेतला, दुसरा प्रवेश पूर्ण उडवला, खुणेने सगळ्यांना कळवलं, आणि नऊ एकोणसाठला पडदा. मला हे संपल्यावर समजलं. मी समोर बसून विचार करत होते की अरे हे काय चाललंय, राक्षस कुठे गेला.

कळव्याचा_काका, 5 मे

गॅदरिंगला नाटक शेवटी ठेवू नये, ठेवू नये, ठेवू नये. दहा वर्षं सांगतोय. नाटक पहिलं ठेवा, सेट आधीच लागलेला असतो, पोरं ताजी, पालक जागेवर. नाचाला काय, मागचा पडदा चालतो.

आणि त्या मुलीला माझ्याकडून चहा. प्रवेश उडवायचा निर्णय चालू प्रयोगात घेणं हे भल्याभल्या रंगमंच व्यवस्थापकांना जमत नाही.

विंगेतला, 5 मे

स्पर्धेचं काय झालं? आणि मौनव्रताचे बदल केलेत त्याचं काय? राज्य स्पर्धेला मंजूर संहितेबाहेर एवढे बदल चालणार नाहीत.

तिसरी_घंटा, 6 मे

राज्य स्पर्धा नव्हती हो, तेवढी उडी नाही. ठाण्यातलीच एक आंतरशालेय, जानेवारीत. फॉर्मवर बदल लिहून दिले होते.

घाणेकर नाट्यगृहाला पोचायला टेम्पोला तासभर, माजिवड्याला अडकलो. (पोरांना वाटेत सांगितलं की काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर होते, तर एकाने दाताला किड लागलीय ती लगेच उघडून दाखवली.) सेट लावायला दहा मिनिटं होती, बिजागरीमुळे आम्ही चारात लावला. सगळं छान चाललेलं. तिसऱ्या प्रवेशात राजाच्या दरबारात फोन वाजतो, तो पेटीतला काळा डब्बा. साउंडला सहावीतला मुलगा, त्याने फोनच्या जागी पुढचा क्यू दाबला. कोंबडा आरवला. भर दरबारात. दोन सेकंद कोणी हललं नाही. मग मौनव्रतातल्या राजाने जाऊन फोन उचलला, कानाला लावला, आणि प्रधानाकडे देऊन हाताने कोंबड्याची चोच केली. प्रधान म्हणाला, "महाराज म्हणतात, सकाळ झाली, उद्या फोन करा." हाउस फुटलं.

बक्षीस काही नाही. परीक्षकांपैकी एक बाई नंतर विंगेत आल्या, पोरांचं कौतुक केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलं तुमची आहेत, नाटक मात्र त्यांचं नाहीये, राजा आणि राक्षस यांच्या कुठल्या ओळखीचे?

तेव्हा मला लागलं ते. घरी येताना नवऱ्याला म्हटलं सुद्धा, सोपं असतं खुर्चीत बसून बोलायला.

वर्तकनगरची_मावशी, 6 मे

त्या परीक्षक बाईंशी मी अर्धी सहमत. राजा राक्षस मुलांना हवेच असतात, सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर काढलं तेव्हापासून आपल्या बालरंगभूमीवर राक्षस आहेत आणि पोरं मजेत आहेत. पण दुसरं पण हवं. आपल्याच ठाण्यात रत्नाकर मतकरींनी 2014 पासून वंचितांचा रंगमंच सुरू केला, तिथे वस्तीतली मुलं स्वतःच्याच आयुष्यातल्या गोष्टी घेऊन नाटिका उभ्या करतात. मी दोन वर्षं पाहिलं. पाण्याच्या रांगेवरची भांडणं, घरातली दारू. सेट म्हणून एक बादली. मी शेजारणीकडे बघायचं टाळत होते, डोळे पुसायचे होते.

घोडबंदरची_गर्दी, 6 मे

पण मग मुलांच्या नाटकात पण रडायचंच का? आधीच बातम्या काय कमी आहेत.

वर्तकनगरची_मावशी, 7 मे

अहो हसलो पण तेवढेच. बादलीवरून जी भांडणं लागली होती!

तिसरी_घंटा, 7 मे

फेब्रुवारीत स्कॉलरशिप, मग दहावीची परीक्षा, शाळा केंद्र, हॉल बंद. विभाग झोपला. परीक्षक बाईंचं वाक्य मात्र मी पोरांना सांगून टाकलं होतं, जरा रागातच.

मार्चच्या सुरुवातीला प्रॉम्प्टर बाई वही घेऊन स्टाफरूमच्या दारात. चौदा पानं. नाटक. विषय काय तर तिच्या वर्गातली मैत्रीण, त्यांची बिल्डिंग नौपाड्यात, रीडेव्हलपमेंटला गेली, भाड्याने कासारवडवलीला गेले आणि तिकडून रोज येणं जमेना म्हणून शाळा सुटली. आमच्या आठवीच्या वर्गातून या वर्षी अशी चार मुलं गेली. मी पटावर चार रेघा मारल्या होत्या, बाकी काही नाही. हिने सगळं लिहिलं होतं. सोसायटीची मीटिंग, कार्पेट एरियावरून भांडणारे काका, "कॉर्पस किती" (बिल्डरकडून मिळणारी रक्कम) विचारणारी आजी जिला कॉर्पस म्हणजे काय माहीत नाही, पॅकर्सवाले. आणि सगळा सेट म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. सुरुवातीला खोक्यांची बिल्डिंग रचलेली, प्रत्येक प्रवेशात पात्रं जाताना एकेक खोका उचलून नेतात. शेवटी स्टेज रिकामं.

मी विचारलं हे कुठून सुचलं. म्हणाली, "मॅडम तुमचा दरबार दारातून जात नव्हता ना, म्हणून. खोकं कुठूनही जातं."

27 मार्चला, जागतिक रंगभूमी दिनाचं निमित्त करून, चित्रकलेच्या वर्गात केलं. लाइट नाही, माइक नाही, साठेक माणसं. पस्तीस रुपये खर्च, चिकटपट्टीचा. खोकी किराणावाल्याने फुकट दिली, एका भिंतीवर चहापत्तीचं आणि एका भिंतीवर सॅनिटरी पॅडचं नाव होतं, पोरं आधी लाजली मग विसरली. मधे एक मुलगी वाक्य विसरली. विंगच नव्हती, त्यामुळे प्रॉम्प्टर सगळ्यांसमोर पहिल्या बाकावर बसलेली, तिने तिथूनच मोठ्याने वाक्य सांगितलं आणि ते नाटकातलंच आहे असं सगळ्यांना वाटलं.

कासारवडवलीची मैत्रीण आली होती आईबरोबर. काही बोलली नाही ती. जाताना एक खोकं मागितलं, दिलं.

दहावीची_आई, 7 मे

ही संहिता कुठे वाचायला मिळेल का? आमची पण बिल्डिंग गेलीय.

तिसरी_घंटा, 7 मे

लेखिकेला विचारून सांगते. (हो, परवानगी, विंगेतला यांच्या धाकाने.)

विंगेतला, 8 मे

:) पुढच्या वर्षी हेच राज्य स्पर्धेला न्या. प्रमाणपत्रासाठी संहिता जुलैतच पाठवा, दिवाळीनंतर नको. लेखकाच्या जागी तिचंच नाव, आणि अल्पवयीन आहे म्हणून पालकांची पण सही घेऊन ठेवा.

तिसरी_घंटा, 8 मे

नोंद केली, सरांच्याच वहीत, पुढच्या पानावर.

धागा काढायचं खरं कारण राहिलंच. तो काळा डब्बा फोन स्पर्धेहून परत येताना टेम्पोत फुटला, तबकडी निखळली. सव्वीस वर्षं प्रत्येक नाटकात होता म्हणे. कोणाकडे जुना पडून असेल तर हवाय. चालू नसला तरी चालेल, वाजवणारा आमच्याकडे आहे, फक्त कधी कधी कोंबडा वाजवतो.

कळव्याचा_काका, 8 मे

आहे माझ्याकडे. एमटीएनएलचा, लाल. काळा हवाच असेल तर रंगवून घ्या. रविवारी सकाळी नऊला रंगायतनच्या पायऱ्यांवर या, मी तसाही तलावपाळीला चक्कर मारतो. आणि त्या प्रॉम्प्टर मुलीला आणा सोबत, तिचा चहा माझ्याकडे बाकी आहे.

तिसरी_घंटा, 8 मे

काका, लालच राहू दे. नऊला येतो. ती विचारतेय डिमर बघायला मिळेल का.